तिघांनाही थांबवलं तेव्हा

"आधी त्याला थांबायला सांग, मग जोडून घे. धावत्या प्रोग्रामच्या मागे धावू नकोस, बाई."

तुओवीचं हे बोलणं सकाळपासून एरिकाच्या कानात होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने मनगटावरच्या पट्ट्याचं बटण दाबलं की नर्सकडे घंटा वाजावी, ही यंत्रणा तुओवीनेच उभी केली होती. त्या यंत्रणेची परीक्षा घेणारी, जावा या संगणकीय भाषेत लिहिलेली चाचणीही तुओवीचीच. निवृत्त झाल्यावर आता तोच पट्टा तिच्या स्वतःच्या मनगटावर आला होता.

चाचणीत तीन सर्व्हर मिळून हाक पोचवत. तीसदा चालवली की एकदा घंटा वाजतच नसे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुओवीच्या निरोपाच्या कॉफीला एरिकाने तिला शब्द दिला होता, "कारण कळल्याशिवाय ही चाचणी काढू देणार नाही. कळेल त्या दिवशी स्वतः येऊन सांगेन."

"तीनच्या बैठकीत काढून टाकतोय ती," गटप्रमुख इल्प्पो म्हणाला. "उगाच लाल दिवा लावून बसते."

"दिवा खरं सांगत असेल तर?"

"मग रोज सांगावं. महिन्यातून एकदा काय तोंड उघडायचं, माझ्या सासऱ्यासारखं?"

एरिका हसली आणि कामाला लागली. आपल्या टेबलावरून तिने डीबगर, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने थांबवून बघायचं साधन, दुसऱ्या सर्व्हरला जोडला, संशयाच्या ओळीवर थांबा लावला. पण तो थांबला रे थांबला की उरलेले दोघे त्याला मेला समजत आणि त्याचं काम वाटून घेत. बघायला काही उरतच नसे.

"पुन्हा मारलास?" इल्प्पोने मागून विचारलं.

"पाचव्यांदा."

"तुझ्यापेक्षा तो बिघाड बरा."

एरिकाने हात मांडीवर ठेवले. एकालाच थांबवून कसं चालेल? बाकीच्या दोघांना धीर कुणी शिकवायचा? एकमेकांची वाट पाहण्याची त्यांची मुदत तिने तीन सेकंदांवरून अर्ध्या तासावर नेली. डीबगर जोडला जाईपर्यंत सुरूच होऊ नका, असं तिघांनाही बजावलं आणि प्रत्येकाला जोडणीसाठी वेगळा पोर्ट दिला. आता कुणाला आधी सोडायचं ते तिच्या हातात होतं. तिसऱ्याला तिने मागे ठेवलं आणि एकेक ओळ पुढे नेलं.

तिथे होतं ते. तिसरा सर्व्हर 'मी तयार आहे' असं आधीच कळवत होता आणि राहिलेल्या हाकांची जुनी यादी नंतर वाचत होता. मधल्या क्षणात आलेली नवी हाक त्या यादीखाली पुसली जायची.

तिने दोन ओळींची अदलाबदल केली, डीबगर काढला आणि मुदत पुन्हा तीन सेकंदांवर आणली. चाचणी तीनशे वेळा चालवली. तीनशे वेळा घंटा वाजली.

इल्प्पोने ते सगळं उभ्या उभ्याच वाचलं.

"हे एखाद्या दिवशी खरंच कुणाच्या तरी वाट्याला आलं असतं," तो म्हणाला. "दुरुस्ती आजच चढवू. चाचणी राहील. बैठकीत मी बोलतो, तू बस, कॉफी घे."

"कॉफी दुसरीकडे आहे माझी."

तिने लोकरी टोपी कानांवर ओढली, कॅन्टीनमधून वेलचीचे दोन गोड पाव कागदात बांधून घेतले आणि तुओवीच्या वस्तीकडे जाणाऱ्या ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.