चांदणी नाव कुठून आलं

सहाव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्याखाली कोडाचा पहिला डाग उठला, तेव्हा आईने हायच खाल्ली. बाबांनी मात्र तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि म्हणाले, "एवढं आभाळ मोकळं पडलंय, पण चांदणीला उतरायला हीच जागा आवडली बघ." त्या दिवसापासून घरात ती चांदणी. पुढे डाग गालभर, मानेवर, हातांवर पसरले. बाबा गेले, आणि त्या नावाने हाक मारणारी एकटी आई उरली.

मोठी झाल्यावर लेक एका मोठ्या रोपवाटिकेत कलमं बांधू लागली. बोटं इतकी हलकी की मालकाने संकराचं कामही तिच्याच गळ्यात घातलं. बारीक कुंचल्याने एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायचा, वर पिशवी बांधायची, बी धरलं की पेरायचं आणि आलेली जवळजवळ सगळी रोपं उपटून फेकायची. सहा वर्षं हेच. सातव्या वर्षी एका रोपाला गडद जांभळं फूल आलं, पाकळ्यांवर पांढरे शुभ्र शिंतोडे. मालक कुंडीभोवती दोनदा फिरला.

"घरी तुला काय म्हणतात गं?"

कधी नव्हे ती लाजली. "चांदणी. बाबांनी ठेवलेलं."

"मग हिचंही तेच. तुझ्या नावाचं फूल!"

त्या संध्याकाळी तिचे पाय जमिनीवर नव्हते. आईने तर शेजारीपाजारी कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही.

फुलांच्या प्रदर्शनाला तिने ठेवणीतले कपडे घातले. आईचे गुडघे धरले होते, ती घरीच राहिली. सभागृहात व्यापारी, वर्तमानपत्रवाले, मालकाचं सगळं गणगोत. मालकाने तिला कुंडीशेजारी उभं केलं आणि माईक हातात घेतला.

"लोक विचारतात, चांदणी हे नाव आलं कुठून? हे बघा, इथून!" त्याने हनुवटी धरून तिचा चेहरा दिव्याकडे वळवला. "हे फूल आधी हिच्या गालावर उमललं, मग कुंडीत. फरक एवढाच, कुंडीतल्याला गिऱ्हाईक आहे!"

सभागृह खदखदून हसलं. मालकीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. एक फोटोवाला म्हणाला, "बाई, गाल जरा फुलाजवळ आणा." तिने आणला. नाही म्हणता येतं हे तिला सुचलंच नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच.

दुसऱ्या दिवशी ती मालकापुढे जाऊन उभी राहिली. "नाव बदला."

"खुळी का काय तू? लेबलं छापून झालीत. आणि गमतीचं एवढं मनाला लावून घेतात का?" मग त्याने एक कुंडी तिच्या हातात ठेवली. "आईला दे. खूश होईल."

आई झालीच खूश. कुंडी खिडकीत गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ती सांगायची, "आमच्या चांदणीचं फूल. हिच्या बाबांनी ठेवलेलं नाव." रोज पाणी, रोज पानं पुसणं. कामावर गिऱ्हाइकांच्या नजरा लेबलावरून सरकत लेकीच्या गालावर यायच्या, आणि घरी तेच नाव कौतुकाने कानावर पडायचं. प्रदर्शनात काय झालं ते आईला सांगावं, तर त्या नावाची हाक तिच्या तोंडूनही कायमची जाणार होती.

एका सकाळी आई आंघोळीला गेली असताना तिने चहाचं आधण उचललं आणि उकळतं पाणी रोपाच्या बुंध्याशी ओतलं.

चार दिवसांत पानं काळी पडली. आईने माती उकरून मुळं बोटांनी चाचपली. पिळपिळीत झाली होती.

"मीच पाणी जास्त घातलं ना गं?" आईने विचारलं. "तुझ्या बाबांचंही असंच झालं. त्या दिवशी औषध द्यायला मीच विसरले होते. माझ्या हाताला यशच नाही."

हे आई पहिल्यांदाच बोलली होती. लेक दारात चपला घालत होती. तिने मान वर केली नाही.

"हो," ती म्हणाली, "पाणीच जास्त झालं." आणि कामावर निघून गेली.