उलटीची वही

तयार जेवणाचे डबे भरणाऱ्या आमच्या कारखान्यात उलट्यांची साथ आली, तेव्हा स्वच्छता पाहणारी म्हणून नियम मीच लिहिला: उलटी झाली की वहीत नोंद करायची आणि ती थांबल्यावरही दोन दिवस घरी राहायचं.

पहिली नोंद थोरलीची. डबे भरायच्या सरकत्या पट्ट्यावर सगळ्यांत जुनी, म्हणून थोरली. ती त्या महिन्यात नोकरीत कायम होणार होती. नियमाप्रमाणे घरी राहून परतली तेव्हा तिचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीतून गेलं होतं.

“साहेब, ते खाडे नव्हते. नियम होता,” मी म्हणाले.

“नियम तुमचा, हजेरी माझी.”

थोरली मला एवढंच म्हणाली, “बाई, तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, साहेबांना विचारूनच लिहिलं असेल.”

पुढे महिनाभर वही कोरी राहिली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर उघडून दाखवली आणि साथ हटवल्याबद्दल माझं कौतुक केलं. नंतर मी हात धुवायला गेले, तर बंद दाराआड नळ सोडून कोणीतरी ओकत होतं.

“कोण आहे?”

“कोणी नाही, बाई. तोंड धुतेय.”

थोरलीची धाकटी जाऊ बाहेर आली, हातमोजे चढवून पट्ट्याकडे गेली. तीही यंदा कायम होणार होती. मी तिला अडवलं नाही.