तोतारामचा कॅमेरा आणि भिकुबाईचा भात

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोतारामच्या स्टुडिओतला कॅमेरा मुका झाला. बटण दाबावं तर खट् नाही की खुट् नाही. भडगावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे याच पेटीतून निघालेले. परीक्षेच्या फॉर्मावरचे रडके आणि लग्नातले त्याहून रडके. वरच्या काचेत वाकून बघायचा, फिल्मच्या रोलचा, जुना कॅमेरा. भिकुबाईच्या वडिलांनी पिंपळनेरचं फोटोचं दुकान आवरलं तेव्हा जावयाच्या हाती दिलेला. वडील आता नव्हते. माहेराहून आलेलं आणि अजून काम करणारं असं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

तोतारामला मात्र फारसं दुःख झालेलं दिसेना. भुसावळच्या एका लग्नात त्याने मावसभाऊ लीलाधरचा नवा फ्लॅशवाला कॅमेरा पाहिला होता, तेव्हापासून घरचा कॅमेरा त्याला सासऱ्यासारखा वाटू लागला होता: मान द्यायचा, पण जवळ बसायचं नाही. त्याने तो जरा हलवला, कानाशी धरला आणि वैद्याने आशा सोडून मनगट ठेवावं तसा खाली ठेवला. आतून गंजला म्हणाला. सोमवारी जळगावला जाऊन हा मोडीत द्यायचा आणि नवा आणायचा, हेही ठरवून टाकलं.

भिकुबाई आवाज चढवणारी नव्हती. तिची सगळी भांडणं देवामार्फत चालत. तिने दिवा लावला आणि कॅमेरा सुरू होईस्तोवर भात सोडला. तसं सोडण्यासारखं फार उरलंही नव्हतं; वांगी, कांदा, लसूण चातुर्मासाने आधीच नेले होते. पण भात गेला म्हणजे रात्रीची खिचडी गेली, आणि खिचडीवाचून खानदेशात रात्र झाली असं कोणी मानत नाही. सासू झुंबरबाई स्वतःच्या खिचडीवर तेलाची धार सोडत म्हणाली, "तुना देवले कॅमेरामां काय समजस वं?"

"त्याला नाही समजलं तर मी बघेन," भिकुबाई म्हणाली.

रविवारी दुपारी तोताराम जेवून घोरू लागला, तशी तिने शिवणयंत्राचा पेचकस काढला. वडिलांना कॅमेरा उघडताना तिने लहानपणी पाहिलं होतं. निघालेला एकेक स्क्रू तिने ताटात मीठ-लिंबापासून वाढावं तसा क्रमाने मांडला. पुढच्या काचेभोवतीची चकती निघाली आणि आत गंज नव्हताच. आत कुंकू होतं. दर दसऱ्याला ती कॅमेऱ्याची पूजा करायची. यंत्रात देव नेमका कुठे बसतो ते माहीत नसल्याने कुंकू-अक्षता थेट डोळ्यालाच वाहायची. यंदाची एक अक्षत फटीतून आत शिरली होती आणि शटरच्या दोन पात्यांमध्ये घट्ट बसली होती.

भिकुबाई त्या दाण्याकडे बघत राहिली. तिने भात सोडला होता. कॅमेऱ्याने धरून ठेवला होता.

तिने सुईने दाणा काढला, फुलवातीच्या कापसाने कुंकू पुसलं, स्क्रू उलट्या क्रमाने बसवले आणि बटण दाबलं. खट् झालं. त्या आवाजाने तोताराम जागा झाला आणि त्याचं तोंड उतरलं.

तिने तळहातावरचा लाल दाणा त्याच्यापुढे धरला. "गंज नव्हता. माझीच पूजा अडकली होती."

तोताराम काही कच्चा नव्हता. "म्हणजे देवानेच बंद पाडला होता. त्याच्याच मनात नवा घ्यायचं होतं."

"देवना मनमां नवा व्हता," झुंबरबाई पडल्यापडल्या म्हणाली, "तर तिले सुई का बरं दिधी?"

जळगाव राहिलं. त्या रात्री भिकुबाईने खिचडी दोनदा वाढून घेतली आणि देवाला काही म्हणाली नाही. हिशेब त्याचा त्याला कळत होता.

पुढच्या दसऱ्याला तोतारामने, कधी नव्हे ते, पूजेची तयारी स्वतः केली. कॅमेरा पाटावर तोंड वर करून ठेवला आणि शेजारी अक्षतांचं शिगोशीग भरलेलं ताट. "यंदा जरा मनापासून वाहा," तो म्हणाला.

भिकुबाईने कॅमेऱ्याच्या डोळ्यावर झाकण बसवलं, झाकणाला कुंकवाचं बोट लावलं आणि ताटातल्या अक्षता नवऱ्याच्या डोक्यावर वाहिल्या. सगळ्या. मनापासून.