बरणीतली गारगोटी

आत्मारामभाऊंच्या घरी पहिल्यांदाच जाणार असाल तर खाली बघून चाला. गेटपासून ओटीपर्यंत दगड. तुळशीभोवती दगड, पाण्याच्या टाकीवर दगड, चिकूच्या बुंध्याशी दगड. आणि त्यातला एकही उगाच पडलेला नाही हं! प्रत्येकाला नाव आहे, गाव आहे. तुम्ही नुसतं ‘हा कुठला हो?’ म्हणालात की मेलात. चहा गार होईपर्यंत सुटका नाही.

तारापूरच्या वीज केंद्रात भाऊंनी जन्मभर पाइप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या भांडणांना. भाऊ दगडांना लागले. झालं काय, वाणगावकडे एका दोस्ताच्या वाडीत विहीर खणत होते. काळा फत्तर फुटला आणि आत नारळाएवढी पोकळी निघाली. पोकळीभर नुसते चमचमणारे खडे! भाऊ त्या ढिगावरच बसले. ज्या फत्तरावर आपण जन्मभर चपला घासल्या, त्याच्या पोटात हे? त्या दिवसापासून कुठे विहीर खणतायत, कुठे रस्त्यासाठी डोंगर कापतायत असं कळलं की भाऊंची स्कूटर निघालीच, पायाशी गोणपाट आणि डिकीत हातोडी.

ओळखायचं शास्त्रही त्यांनी पुस्तकं आणून, मोबाइलवर बघून बघून पक्कं केलं होतं. दगडाने काच खरवडली तर गारगोटीच्या जातीचा. नाही खरवडली तर थोडी भुकटी काढायची आणि तिच्यावर लिंबू पिळायचं. फसफसलं की कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या कुळातला. लांबून लांबून लोक पिशवीतून दगड घेऊन विचारायला येत. भावकीत त्यांना ‘दगडमास्तर’ म्हणत. म्हणायचे चेष्टेने, पण भाऊंना ते पदवीसारखं वाटायचं.

भाऊंच्या बायकोचं, मंदावहिनींचं, मात्र या सगळ्याशी एकच भांडण होतं.

“लिंबं सरबताला असतात, दगडांना नाय,” त्या एके दिवशी कडाडल्या. “उद्यापासून एका लिंबाला हात लावाल तर बघा!”

झालं, लिंबू बंद. भाऊंनी फार वाद घातला नाही. एव्हाना त्यांचा स्वतःच्या नजरेवर इतका भरवसा बसला होता की काच आणि लिंबू हे नवशिक्यांचे चाळे वाटायला लागले होते.

आता वहिनींचंही ऐका. त्यांची पदवी वेगळी होती, खारातल्या आंब्यांची. मे महिन्यात हिरवेगार कडक आंबे मिठाच्या पाण्यात घालायचे, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा आणि गौरी-गणपती जाईपर्यंत तिच्याकडे बघायचंही नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळी भावकी त्यांच्याकडे जेवायला. कोलंबीचं कालवण, त्यात खारातला आंबा, आणि गरम भात. माणसं श्रावणापासून त्या जेवणाच्या गोष्टी करत. बरणी सासूबाईंकडून आलेली. पण सासूबाईंच्या नावाबरोबर वहिनींच्या मनात एक भीतीही आलेली होती. म्हातारीच्या जिभेची चव शेवटी शेवटी गेली होती. आंबे कधी खारट ढोण, कधी अगदीच मिळमिळीत. घरातली माणसं मुकाट्याने गिळायची आणि ‘छान झालंय’ म्हणायची. म्हातारीला ते कळायचं. वहिनींनी ते तोंड पाहिलं होतं.

“माझं तसं करू नका,” त्या भाऊंना म्हणाल्या होत्या. “माझा हात गेला तर तोंडावर सांगा. मी आपणहून बरणी प्रेमलाच्या हातात देईन. पण माझी दया नको.”

प्रेमला म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, वाणगावची. तिचाही हात चांगला, जीभ जरा सैल.

तर यंदाच्या मे महिन्यात आंबे बरणीत गेले आणि ऐन वेळी वजनाचा दगड फुटला. आंबे पाण्यावर तरंगले तर वरचे काळे पडतात, म्हणून वर दगड ठेवावाच लागतो. वहिनी ओटीवर आल्या.

“अहो, एवढं रान भरलंय दगडांनी. एखादा तरी कामाचा हाय का त्यात?”

भाऊंना आकाश ठेंगणं झालं. इतक्या वर्षांत बायकोने पहिल्यांदा दगड मागितला होता! साधा कसा द्यायचा? त्यांनी कपाटातून आपला लाडका काढला. मुठीएवढा जाड, पांढराशुभ्र, वर टोकदार दातांसारख्या खड्यांची दाटी.

“गारगोटी! एकदम अस्सल. घासून, उकळून घे, मग घाल.”

“खाराने, आंबटाने काय होणार नाय ना त्याला?”

“गारगोटीला? अगं, युगं गेली तरी ढिम्म हलत नाय ती.”

“नक्की?”

“मंदा, मी सांगतोय.”

दगडमास्तरच सांगतायत म्हटल्यावर वहिनींनी दगड उकळला आणि बरणीत घातला. दोन-तीन दिवसांनी त्या म्हणाल्या, “अहो, बरणीत बुडबुडे येतायत.” भाऊ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “उकाडा किती हाय!” वहिनींनी दादरा जरा सैल केला आणि विषय मिटला.

गणपती आले, गौरी आल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी आंघोळ करून बरणी उघडली. आंबा दिसायला देखणा, नखाने दाबला तर करकरीत. एक फोड तोंडात घातली. मग दुसऱ्या आंब्याची. मग अगदी तळातल्या आंब्याची. मीठ लागत होतं. आंबटपणाचा पत्ता नव्हता.

त्यांनी भाऊंना बोलावून फोड दिली. “कसा झालाय?”

भाऊंना आंबा विचित्रच लागला, खडू चघळल्यासारखा. पण बायकोचा चेहरा बघितला आणि त्यांना खरं सांगवेना.

“छान झालाय की!”

माहेरी आलेल्या रूपलने, त्यांच्या मुलीने, फोड चाखली आणि जरा जास्तच घाईने म्हणाली, “मस्त गं आई!”

कालवण झालं, पंगत बसली. एरवी या पंगतीत भुरके मारल्याचा आवाज गेटपर्यंत जायचा. आज ताटांवर माना खाली. शेवटी प्रेमलाने दोन घास खाल्ले आणि तिच्याच्याने राहवेना.

“ताई, जराशी चिंच कोळून घालू का? वाईच आंबट कमी लागतंय.”

रूपलने तिला कोपराने ढोसलं. उशीर झाला होता. वहिनी हसल्या, आणि ते हसणं बघून भाऊंनी हातातला घास परत ताटात ठेवला. हेच तोंड. म्हातारीचं.

जेवणं उरकल्यावर वहिनींनी उरलेले आंबे पातेल्यात काढले. बरणी धुतली, पुसली, आणि प्रेमलासमोर ठेवली.

“ने गं. पुढल्या सालापासून तू घाल. माझा हात गेला.”

“ताई, काय तरी बोलू नका!”

“मी ठरवलं होतं. सगळ्यांनी छान छान म्हणेपर्यंत नाय थांबायचं मला.” त्या भाऊंकडे वळल्या. “आणि हा तुमचा दगड. धुऊन घ्या.”

त्यात राग नव्हता. राग असता तर भाऊंना बरं वाटलं असतं. ते दगड घेऊन मागच्या नळावर गेले. बुळबुळीत झालेला पांढरा थर अंगठ्याने चोळला, पाणी सोडलं, आणि हातातला दगड पडता पडता राहिला.

दात झिजले होते. पार बोथट झाले होते. आणि झिजलेल्या पांढऱ्या सालीखालून जांभळं काहीतरी डोकावत होतं. उन्हात धरलं. अमेथिस्ट! जांभळा स्फटिक, एकाला एक खेटून, काजव्यांसारखा लखलखणारा. आयुष्यात एकदा तरी हा आपल्या हाताने सापडावा म्हणून त्यांनी किती ढीग उपसले होते! आणि तो घरात, कपाटात, पांढरी चादर ओढून झोपला होता! भाऊ नळाशी चक्क नाचले. “अरे वा रे माझ्या राजा!” असं मोठ्याने म्हणालेही.

मग नाचता नाचता थांबले.

गारगोटी झिजत नाही. खारात नाही, आंबटात नाही. म्हणजे वरचे ते दात गारगोटीचे नव्हतेच. कॅल्साइट! आंब्याचा सगळा आंबटपणा त्या चुन्याच्या पोराने गिळला होता. ते बुडबुडे उकाड्याचे नव्हते. काच घासली नाही, लिंबू पिळलं नाही, नुसतं बघून छातीठोक सांगितलं. शाळेतल्या पोराने केली नसती अशी चूक दगडमास्तरांनी केली होती.

आणि कुणालाही कधी कळणार नव्हतं. दगड कपाटात गेला की संपलं. खोटं कशाला बोला, भाऊ तिथे जरा वेळ उभे राहिले. आत सगळी भावकी होती, वर्षभर पुरेल एवढी चेष्टा होती. बाहेर रिक्षा फुरफुरल्याचा आवाज आला. प्रेमला निघाली होती.

“थांबा! कोणी जाऊ नका!” भाऊ ओल्या हातांनी घरातून धावले. “रूपल, लिंबू आण! चिरून आण!”

“अहो, लिंबू?” वहिनी ओटीवरच बसल्या होत्या.

“आण म्हणतो ना!”

ओटीवर, सगळ्यांसमोर, त्यांनी सुरीच्या टोकाने उरलेल्या दाताची भुकटी पाटावर खरवडली आणि लिंबू पिळलं. भुकटी सोड्यासारखी फसफसली. माणसं वाकून बघायला लागली. रिक्षात बसलेली प्रेमला बरणी मांडीवर घेऊन मान लांब करून बघत होती.

“हे बघा,” भाऊ म्हणाले. “ही गारगोटी नाय. हा कॅल्साइट. आंबट लागलं की विरघळतो आणि आंबट खाऊन टाकतो. मंदाने मला दोनदा विचारलं, मी न तपासता सांगितलं. आंबे मी नासवले. मघाशी छान झालेत म्हणालो, तेही खोटं. तिचा हात होता तसाच हाय. गेला तो माझा डोळा.”

मग कोणीतरी “दगडमास्तर नापास!” म्हणून ओरडलं आणि ओटीवर असा हशा उसळला की रिक्षावालाही उतरून आत आला, काय झालं म्हणून. भाऊ लाल होऊन उभे. त्यांना मात्र हसणारे दिसत नव्हते. ते फक्त वहिनींकडे बघत होते.

वहिनी हसल्या नव्हत्या. त्या उठल्या, पाटापाशी आल्या, आणि म्हणाल्या, “परत बोला.”

“काय?”

“शेवटचं. माझ्या हाताचं.”

“तुझा हात होता तसाच हाय, मंदा.”

“जोरात बोला. प्रेमलाला ऐकू जाऊ दे.”

भाऊ बोलले. चांगलं घसा फोडून बोलले, शेजारच्या वाडीतल्यांनीही ऐकलं असेल. वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदराने पुसायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. तशाच अनवाणी पायऱ्या उतरून त्या रिक्षापाशी गेल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“प्रेमला, आण ती बरणी इकडे. पुढल्या साली आंबे मीच घालणार.”