चौथ्या मजल्यावरची मित्सुए

आई जाऊन सहा महिने झाले होते. मित्सुए आणि तिची थोरली बहीण सुमिए शनिवार-रविवार ओसाकाला आल्या. दोघी तोत्तोरीच्या, साठीला टेकलेल्या. बेत साधाच होता. ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गरम गोळे, खायचे, छत्र्या बघायच्या आणि रविवारी दुपारच्या बसने परत.

"हळू खा, जीभ भाजेल," सुमिए म्हणाली. "म्हातारी झालीस तरी हावरेपणा जात नाही."

"तुझे संपले ना, ताई? मग माझ्या ताटलीवर डोळा ठेवू नकोस."

नंतर त्या शहराच्या उमेदा भागातल्या एका जुन्या बहुमजली दुकानात शिरल्या. छत्र्या उघडून बघत असताना वरच्या कर्ण्यातून बाईचा गोड आवाज आला. पाच वर्षांची हिराओका मित्सुए सापडली आहे, अंगात पिवळा कोट आहे, तिच्या आईने चौथ्या मजल्यावर यावं.

मित्सुएला हसू आलं. हिराओका हे तिचं माहेरचं आडनाव. "ऐकलंस? माझ्या नावाची पोर हरवलीय."

सुमिएने हातातली छत्री खाली ठेवली. "तू इथेच हरवली होतीस. पिवळ्या कोटात."

"माहीत आहे. आणि सापडलेही."

"दोन तासांनी. घरी आल्यावर आई आठवडाभर तुला जवळ घेईना. म्हणायची, कोट तोच आहे, पोर दुसरी आहे. बाबांनी दटावलं तेव्हा गप्प झाली."

"हे मला आज सांगतेस?"

"सांगण्यासारखं होतं का ते?"

मित्सुए सरकत्या जिन्याकडे निघाली. चौथ्या मजल्यावर गणवेशातली मुलगी टेबल आवरत होती.

"ती पोर कुठे आहे?"

"आत्ताच आई घेऊन गेली. गुणी पोर हो, अजिबात रडली नाही. आईला म्हणाली, किती उशीर केलास."

टेबलावर हरवलेल्या मुलांची नोंदवही उघडी होती. सही हिराओका अशी. सुमिएने वाकून पाहिलं आणि टेबलाची कड धरली. "आईचं अक्षर आहे," ती म्हणाली.

खाली जाणाऱ्या जिन्यावर गर्दीत राखाडी किमोनो घातलेली एक तरुण बाई पाठमोरी उभी होती. तिच्या हातात पिवळ्या कोटातल्या पोरीचा हात. मित्सुएने हाक मारली, "आई."

बाईने मागे पाहिलं नाही. पोरीने पाहिलं. तिचा चेहरा सुमिएसारखा होता. तेच रुंद कपाळ, तेच नाक. मित्सुएचं कपाळ घरात कुणासारखंच नव्हतं. ती धावत खाली उतरली, तोवर दोघी दिसेनाशा झाल्या होत्या.

त्या रात्री हॉटेलात दोघींनी दिवा मालवला नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्यावर सुमिए बाजूला सरली. तिने मान किंचित लववली.

"तुम्ही खिडकीशी बसता का?" ती म्हणाली.

मित्सुए बसली. सुमिए आजही दर महिन्याला फोन करते, तब्येत विचारते, थंडीत जपायला सांगते. पण त्या दिवसापासून तिने मित्सुएला एकदाही 'अगं' म्हटलेलं नाही.