मठाला बोललेला नातू

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसला आणि सासूबाईंना नवस आठवला. बाहत्तरच्या दुष्काळात त्या बोलून बसल्या होत्या, विहीर टिकली तर पहिला नातू मठाला देईन. विहीर टिकली. तेव्हा मी स्वतःच चौथीत होते.

"देवाचं ठेवून घेतलं म्हणून पाणी आटून राहिलंय," त्या म्हणाल्या. "पोरगा विरक्त झाला तर कुळाचं नाव हुईल."

विरक्त. उदगीरच्या कॉलेजात हा शब्द मी उत्तरपत्रिकेत किती सहज लिहिला होता! आता माझा तीन वर्षांचा बसवराज अंगणात शेळीच्या पिलामागं पळत होता आणि माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

सोमवारी मठाचे स्वामी, अप्पा, पोराला न्यायला जीपनं आले. सगळ्यांनी पायाशी वाकून शरणार्थ केलं. सासूबाईंनी बसवराजला विभूती लावून पुढं बसवलं.

"अप्पा, एक विचारू?" मी पुढं झाले. "विरक्त म्हणजे सोडणारा ना? ह्यानं अजून धरलंय काय, सोडायला?"

"लई शिकलीस गं!" सासूबाई कडाडल्या. "कॉलेजातलं ग्यान कॉलेजात ठिव!"

अप्पा हसले नाहीत की रागावले नाहीत. "बापानं तोंडानं 'दिला' म्हणावं लागतं. तशी रीत हाय. बोल मन्मथ."

आमचे हे खांबाला टेकून बसले होते. कशातच पडायचं नाही, हा ह्यांचा स्वभाव. गाव कौतुकानं म्हणायचं, मन्मथ संसारात राहून विरक्त हाय. आठवडाभर मी रडत होते, तर ह्यांचं एकच, "तू जाण, आई जाणे. मी मधात न्हाई."

हे उठले. बसवराजला हाताला धरून अप्पांसमोर नेलं.

"दि..."

"बाबा, जीपमदी बसायचं?" बसवराजनं वर बघितलं. "तुमी बी चला."

ह्यांनी वाकून त्याला कडेवर घेतलं. वडीलधाऱ्यांसमोर आपलं लेकरू बापानं उचलू नये, अशी आमच्याकडं लाज पाळतात. आजवर ह्यांनी ती कधी मोडली नव्हती.

"म्हणता येत न्हाई, अप्पा," हे म्हणाले. "आई, आटू दे विहीर."

सासूबाई उठून देवघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. अप्पा जेवायला थांबले नाहीत.

जीप दिसेनाशी झाली तशी मी पोराला घ्यायला हात पुढं केले.

"राहू दे," हे म्हणाले.