चमचाभर मीठ

"हलवा गं, हलवा! रोजा पोटाचा असतो, हातांचा नव्हे!" रुला मिस खेकसल्या.

सहावीच्या मुली प्लास्टिकच्या पिशव्या गदागदा हलवत होत्या. लहान पिशवीत दूध-साखर, मोठीत बर्फ आणि मीठ. दहा मिनिटांत आइस्क्रीम, असं फळ्यावर ऐटीत लिहिलेलं. वीस मिनिटं झाली तरी दूध आपलं दूधच! मागच्या बाकावर तपासनीस बाई घड्याळ बघत बसलेल्या.

दाराशी उभ्या विदादखालाचा जीव नुसता वरखाली होत होता. अम्मानच्या या शाळेत ती फरशी पुसते. पण लढाईआधी, अलेप्पोत, बापाच्या आइस्क्रीमच्या दुकानात बर्फात मीठ कालवतच ती मोठी झाली होती. आणि मिसनी मीठ घातलं किती? चमचाभर! भाजीत घालतात तसं.

बोलावं का? ईदनंतर तिला कामावर ठेवायचं की नाही, ते ठरायचं होतं. "मोठ्या बाईंकडे मी शब्द टाकते," असं रुला मिसच म्हणाल्या होत्या. गप्प बसण्यातच शहाणपण होतं.

"खाला, माझी बोटं मेली गं," जूद रडकुंडीला आली.

झालं! खाला आत घुसली. "आण इकडे. एवढ्याशा मिठाने बर्फाला काय गुदगुल्या होणार?" तिने प्रत्येक मोठ्या पिशवीत मूठमूठ मीठ ओतलं. "हं, आता हलवा!"

सात-आठ मिनिटांत दूध घट्ट. मुली किंचाळल्याच!

"वा!" तपासनीस बाई उठल्या. "रुला, तुमच्यापेक्षा तुमच्या झाडूवालीलाच विज्ञान जास्त येतं की!"

सगळा वर्ग खदखदून हसला. रुला मिस हसल्या नाहीत.

फोटो निघाले. खालाला कोणी बोलावलं नाही. तपासनीस बाईंची गाडी गेल्यावर मिस तिच्याजवळ आल्या.

"शब्द टाकते म्हणाले होते ना, ते विसरा. एवढं येतंय तुम्हाला, कुठेही काम मिळेल."

"मिस, मुलींचे हात..."

"आणि हे सगळं मोरीत ओता. रोजा सुटेपर्यंत काय टिकणार? फ्रीज तर कधीचा बंद. मोरी घासून ठेवा नंतर."

मोरीपाशी खालाने पहिली पिशवी उघडली. रांधणाऱ्या बाईला रोज्यातही जिभेच्या टोकाने चव बघून थुंकायची मुभा असते. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं, क्षणभर डोळे मिटले. थुंकली. चूळ भरली.

"साखर कमी आहे," ती म्हणाली, आणि पिशवी उलटी केली.